‘एका सकाळचाच तर प्रश्न आहे!’

शहरात मॅरेथॉन जाहीर झाली की तक्रार यायच्या आधीच तिचं उत्तर तयार असतं. एका सकाळचाच तर प्रश्न आहे. वर्षातून एकदा, तेही रविवारी, तेही पहाटे. दुपारपर्यंत रस्ते मोकळे होतात. लोकांच्या आरोग्यासाठी आहे, गावाचं नाव होतं, सामाजिक संस्थांना देणग्या मिळतात. मग एवढं तरी नागरिकांनी सोसायला नको का? हे उत्तर इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे दिलं गेलंय की ते तपासून पाहावं असं कोणाला वाटतच नाही. ते तपासायला हवं. त्यातली बरीचशी विधानं अर्धवट आहेत आणि त्यांवर विसंबून केलेला बंदोबस्त माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

मॅरेथॉनने महाराष्ट्राला काय दिलं, हे आधी मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. पुण्यात १९८३पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होत आली. मुंबईची मॅरेथॉन २००४मध्ये सुरू झाली आणि आज तिच्या सगळ्या गटांत मिळून पन्नास हजारांहून जास्त लोक धावतात. साताऱ्यात २०१२पासून यवतेश्वरच्या घाटात अर्धमॅरेथॉन होते. २०१५ साली तिथे एकाच डोंगरावर २,६१८ धावपटू धावले आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. वसई-विरारने २०११मध्ये स्वतःची मॅरेथॉन उभी केली. चाळिशी-पन्नाशीतल्या बाया-माणसांना घराबाहेर काढून पळायला लावणं ही लहान गोष्ट नाही. धावणाऱ्यांशी भांडण नाहीच. भांडण आहे ते ‘एका सकाळचाच तर प्रश्न आहे’ या वाक्याशी.

सुरुवात रविवारपासूनच करू. रविवारी सकाळी शहर झोपलेलं असतं, असं ज्यांना वाटतं ते स्वतः रविवारी झोपतात. इस्पितळातली सकाळपाळी रविवारीही सात-आठला लागते आणि रात्रपाळीची नर्स तेव्हाच घरी निघते. दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला रविवार नसतो. घरकाम करणाऱ्या बायकांना बहुतेक घरांत रविवारची सुट्टी मिळत नाही. उशीर झाला तर बोलणी खावी लागतात, खाडा झाला तर पगार कापला जातो. मटणाच्या, माशांच्या, भाजीच्या धंद्याला रविवारची सकाळ ही आठवड्यातली सगळ्यात मोठी सकाळ असते. दुकानदाराला ‘तुझी एक सकाळ गेली’ असं सांगताना ती सकाळ कुठली, हेही सांगायला हवं. वसईत, माहीममध्ये, वांद्र्यात रविवारी सकाळी मिस्सा असते. म्हातारी माणसं वर्षानुवर्षं एकाच वेळेच्या मिस्सेला जातात आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांना रिक्षाशिवाय चर्चपर्यंत पोहोचता येत नाही.

परीक्षांचं तर वेगळंच. महाराष्ट्रातल्या तरुणांचं आयुष्य ज्या परीक्षांवर ठरतं, त्यातल्या बऱ्याच रविवारी होतात, कारण शाळा-कॉलेजच्या इमारती त्याच दिवशी रिकाम्या मिळतात. यूपीएससीची पूर्वपरीक्षा रविवारी असते आणि पेपर सुरू व्हायच्या अर्धा तास आधी केंद्राचं दार बंद होतं. साडेनऊच्या पेपरला नऊ वाजून एक मिनिटाने पोहोचलेल्या उमेदवाराचं वर्ष वाया जातं. एमपीएससीची २०२४ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा १ डिसेंबरला झाली. तो डिसेंबरचा पहिला रविवार होता. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन प्रथेप्रमाणे डिसेंबरच्या पहिल्याच रविवारी असते. ज्या शहरात अख्ख्या राज्यातून मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करायला येऊन राहतात, तिथे मॅरेथॉनची तारीख ठरवताना आयोगाचं वेळापत्रक समोर ठेवायला काही खर्च येत नाही. ते ठेवलंच पाहिजे.

आता एक चौक डोळ्यांसमोर आणू. सकाळचे सव्वासात. रस्त्याच्या तोंडाशी दोन लोखंडी बॅरिकेड, मध्ये पिवळी नायलॉनची दोरी. दोरीशी एक होमगार्ड आणि आयोजकांचा टी-शर्ट घातलेला कॉलेजातला एक मुलगा. पलीकडे धावणारे विरळ येताहेत. दोघे गेले की अर्धा मिनिट रस्ता रिकामा. अलीकडे स्कूटरवर एक नर्स, डबा हँडलला लटकवलेला, पाळी आठची. तिच्या मागे दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल, तिच्या मागे आजोबांना घेऊन आलेली रिक्षा. नर्स विचारते, ‘दादा, पाच सेकंदांचं काम आहे, जाऊ का?’ मुलगा होमगार्डकडे बघतो, होमगार्ड मुलाकडे. दोघांनाही ‘कोणाला सोडायचं नाही’ एवढंच सांगितलेलं आहे. कोणाला सोडायचं, कधी सोडायचं, विचारायचं कोणाला, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे वॉकीटॉकी नाही, अधिकार तर नाहीच. रस्ता दिसतो रिकामा, तरी तो बंद.

अशा चौकातल्या त्रासाचं मूळ धावणाऱ्यात नसतं. धावणारा एक पाऊल बाजूला सरकतो आणि वाट मिळते. अडचण अशी की दोरीपाशी निर्णय घेऊ शकेल असा माणूस नेमलेलाच नसतो. ‘सहन करा’ हा उपदेश या चुकीवर पांघरूण घालतो. ही ढिलाई आयोजनाची आहे आणि तिची किंमत रस्त्यात अडकलेला माणूस मोजतो.

ती किंमत किती असू शकते, याची एकदा फार काटेकोर मोजणी झाली आहे. अनुपम जेना हे हार्वर्डमधले डॉक्टर आणि अर्थशास्त्रज्ञ. त्यांची पत्नी बॉस्टनमधल्या एका शर्यतीत धावत होती. तिला पाहायला म्हणून ते गाडीने निघाले, रस्ते बंद असल्याने पोहोचू शकले नाहीत आणि घरी परतले. पुढे पत्नीनेच त्यांना विचारलं, की मग त्या दिवशी ज्यांना इस्पितळ गाठायचं होतं त्यांचं काय झालं असेल? प्रश्न एका धावपटूने विचारला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्या प्रश्नावरचा अभ्यास २०१७च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो यांसारखी अमेरिकेतली अकरा शहरं आणि २००२ ते २०१२ हा काळ त्यात घेतला होता. मॅरेथॉनच्या मार्गाजवळच्या इस्पितळांत त्या दिवशी हृदयविकाराचा झटका येऊन किंवा हृदय बंद पडून दाखल झालेले वयस्क रुग्ण एका बाजूला. त्याच इस्पितळांत मॅरेथॉनच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच आठवड्यांत त्याच वारी दाखल झालेले रुग्ण दुसऱ्या बाजूला. एरवीच्या दिवसांतल्या रुग्णांपैकी ३० दिवसांत दगावले २४.९ टक्के. मॅरेथॉनच्या दिवशीच्या रुग्णांपैकी दगावले २८.२ टक्के. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे तीनहून जास्त मृत्यू अधिक.

हे रुग्ण धावपटू नव्हते. पासष्टीच्या पुढची, आपापल्या घरात बसलेली माणसं होती.

अभ्यासकांनी रुग्णवाहिकांच्या नोंदीही पाहिल्या. सकाळच्या वेळात रुग्णाला इस्पितळात न्यायला एरवी सरासरी १३.७ मिनिटं लागत होती. मॅरेथॉनच्या सकाळी १८.१ मिनिटं लागली. अंतर तेवढंच होतं, वेळ मात्र ४.४ मिनिटांनी वाढला होता. संध्याकाळी, रस्ते मोकळे झाल्यावर, हा फरक उरला नाही. शर्यत पाहायला बाहेरगावाहून आलेल्यांमुळे आकडा फुगला असेल, ही शंकाही त्यांनी तपासली आणि ती टिकली नाही. आणि लक्षात घ्यायची गोष्ट अशी की ही शहरं मॅरेथॉनच्या बंदोबस्तात मुरलेली आहेत. बॉस्टनची मॅरेथॉन १८९७पासूनची. तिथले पोलीस, अग्निशमन दल आणि इस्पितळं महिनोन्‌महिने आधी एकत्र बसतात. तिथे साडेचार मिनिटं जात असतील, तर चौकात होमगार्ड आणि टी-शर्टवाला मुलगा उभा करून चालवलेल्या बंदोबस्तात किती जात असतील? आपल्याकडे हे कोणी मोजत नाही. ते मोजत नसताना ‘कोणाचं काही बिघडलं नाही’ असं म्हणण्याचा अधिकार आयोजकांना नाही.

‘रुग्णवाहिकेला आम्ही सोडतोच,’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. आपल्या गावांतून शहरांतून इस्पितळात जाणारी माणसं कशी जातात? शेजाऱ्याच्या गाडीतून, रिक्षातून, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरून. १०८ला फोन लावणारे वाढलेत, तरी छातीत कळ आली की हाताला लागेल त्या वाहनाने निघायचं, हीच अजून आपली रीत. अमेरिकेतल्या त्या अभ्यासातही सगळे रुग्ण रुग्णवाहिकेतून आलेले नव्हते. रिक्षाला सायरन नसतो, दिवा नसतो. रिक्षात मागे बसलेल्या बाईला कळा येताहेत की ती बाजाराला निघाली आहे, हे बॅरिकेडवरून दिसत नाही. फक्त रुग्णवाहिकेला वाट देणारा बंदोबस्त म्हणजे बऱ्याच रुग्णांना अडवणारा बंदोबस्त.

मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने एक कलम आलं, १९४ ई. रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाची गाडी आल्यावर बाजूला न होणाऱ्या चालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. एका गाडीवाल्याने वाट अडवली तर कायदा इतका कडक. मग चार-सहा तास सगळा रस्ता अडवण्याची योजना आखणाऱ्याला निदान इतकं तरी विचारायलाच हवं, की मार्गाजवळची इस्पितळं कोणती, त्यांच्याकडे जाणारा मोकळा रस्ता कोणता आणि तो प्रत्यक्ष चालवून पाहिलाय का. मुंबईच्या मॅरेथॉनचा मार्ग पाहा. पेडर रोडवर जसलोक, माहीमला हिंदुजा, धोबीतलावाच्या आसपास बॉम्बे हॉस्पिटल. दक्षिण मुंबईची बरीच मोठी इस्पितळं या मार्गावर किंवा त्याला लागून आहेत. धावणाऱ्यांसाठी जागोजागी वैद्यकीय केंद्रं असतात, डॉक्टर असतात, आणि ते असलेच पाहिजेत. मार्गाच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या लाखो लोकांसाठीही तितकीच तजवीज हवी.

‘मग वारी आणि विसर्जनाचं काय? तेव्हाही रस्ते बंद होतातच की!’ हा सगळ्यात आवडता मुद्दा. रस्ता अडवल्याने नर्सला होणारा त्रास पालखीमुळे झाला काय आणि मॅरेथॉनमुळे झाला काय, तिच्या दृष्टीने सारखाच. जिथे मिरवणुकीने रुग्ण अडतो, तिथेही हाच नियम लागू झाला पाहिजे. त्यात मागे-पुढे पाहण्याचं कारण नाही. पण ही तुलना करणाऱ्यांनी ती पुरती करावी. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांचं वेळापत्रक आषाढाच्या कितीतरी आधी छापलं जातं. कुठल्या दिवशी कुठला विसावा, कुठला मुक्काम, दुपारचं जेवण कुठे, हे वाटेवरच्या गावांना तोंडपाठ असतं. गाव पालखीचं यजमान असतं, स्वयंपाक करतं, ओसरी मोकळी करून देतं. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर मुंगीला शिरायला जागा नसते. त्याच गर्दीत रुग्णवाहिका आली की माणसं दोन बाजूंना सरकतात आणि गाडी निघून जाते. हे दृश्य राज्यभर लोकांनी पाहिलंय. गर्दी वाट देते, कारण वाट द्यायला तिला कोणाची परवानगी लागत नाही. नायलॉनच्या दोरीला ती लागते. शिवाय वारीला नावनोंदणीचं शुल्क नसतं आणि विठोबाला मुख्य प्रायोजक नसतो. पैसे भरून भाग घेण्याच्या, कंपन्यांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या कार्यक्रमाने सार्वजनिक रस्ता मागताना जास्त काटेकोर असायला हवं.

वेळेचा हिशेब तर फार सोपा आहे, आणि तोच सगळ्यात कमी वेळा केला जातो. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. ती पूर्ण करायला सात तासांची मुदत धरली, तर सगळ्यात मागचा धावपटू एका किलोमीटरला दहा मिनिटं घेतो. सगळ्यात पुढचा साधारण तीन मिनिटं घेतो. म्हणजे दहाव्या किलोमीटरवर पहिला माणूस अर्ध्या तासात येतो, शेवटचा पावणेदोन तासांच्या आत निघून जातो. रस्ता लागतो सव्वा तास. विसाव्या किलोमीटरवर सव्वादोन-अडीच तास. तिसाव्यावर साडेतीन. चाळिसाव्यावर साडेचार-पावणेपाच. सुटायला गर्दीमुळे होणारा उशीर आणि बॅरिकेड लावण्या-काढण्याचा वेळ यांत अर्धा-पाऊण तास मिळवा. एवढं गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. तरीही वाहतूक बदलाच्या सूचनेत अनेकदा सगळ्या मार्गासाठी एकच वेळ असते, पहाटेपासून दुपारपर्यंत. दहाव्या किलोमीटरवरच्या गल्लीतल्या माणसाला सव्वा तासाच्या कामासाठी आठ तास का कोंडायचं? शेवटच्या धावपटूमागून गाडी चालते. तिच्या मागोमाग एकेक चौक उघडत नेला, तर बऱ्याच वस्त्यांना दुपारच्या कितीतरी आधी रस्ता परत मिळेल.

रस्ता ओलांडण्याचीही पद्धत जगात रुळलेली आहे. एका ठिकाणी रस्ता लांबीने दोन भागांत वाटायचा. स्वयंसेवक दोरी धरून धावणाऱ्यांना आधी डाव्या अर्ध्या भागातून नेतात. पादचारी मोकळ्या अर्ध्यातून मधल्या जागेत येऊन थांबतात. मग दोरी फिरते, धावणारे उजवीकडे वळतात आणि पादचारी उरलेला अर्धा रस्ता ओलांडतात. धावणाऱ्या कोणालाही थांबावं लागत नाही. यासाठी यंत्र लागत नाही. दहा शिकवलेली माणसं आणि वीस मीटर दोरी लागते.

मार्गाचा आकारही महत्त्वाचा. साताऱ्याची घाटातली शर्यत जाऊन-येऊन आहे. शहरातून निघायचं, यवतेश्वरवरून कासच्या रस्त्याने वर जायचं, वळायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. हिशेबाने पाहिलं तर वळणाच्या जागी रस्ता सगळ्यात कमी वेळ लागतो, कारण तिथे सगळ्यात पुढचा धावपटू चाळिसेक मिनिटांत वळतो आणि शेवटचा दोन तासांच्या आत. पण घाटाला रस्ता एकच. खालचं तोंड बंद असेपर्यंत वर मोकळा झालेला रस्ता काय कामाचा? यवतेश्वरच्या वरची गावं, कासच्या आसपासच्या वाड्या, पुढे बामणोलीकडची माणसं, या सगळ्यांचा दवाखाना, कॉलेज, बाजार, कचेरी साताऱ्यात. दुसऱ्या बाजूने फिरून यायचं तर वेळ आणि पेट्रोल दोन्ही वाढतं, आणि शर्यत पावसाळ्याच्या दिवसांत असते, तेव्हा डोंगरातल्या कोणत्याच रस्त्याचा भरवसा धरता येत नाही. कास पठार २०१२मध्ये जागतिक वारसास्थळांत आल्यापासून सप्टेंबरात फुलं पाहायला येणाऱ्यांची गर्दी त्यावर वेगळी.

सातारकर या शर्यतीवर मनापासून प्रेम करतात. घाटाच्या कडेला उभे राहून अनोळखी माणसांना टाळ्या वाजवतात, पाणी देतात. हे प्रेम फार मोलाचं आहे, म्हणूनच त्याला गृहीत धरू नये. अशा मार्गावर धावण्यासाठी रस्त्याची एक बाजू आणि दुसऱ्या बाजूने ठरलेल्या वेळी सोडली जाणारी, पुढे-मागे पोलिसाची गाडी असलेली स्थानिक वाहनांची रांग, एवढी तजवीज अशक्य नाही. वरच्या गावात त्या दिवसापुरती एक रुग्णवाहिका उभी ठेवणं तर अजिबातच अशक्य नाही. त्यासाठी वरच्या गावांतल्या सरपंचांना बैठकीला बोलावलं पाहिजे. टाळ्या वाजवायला तर ते येतातच.

कायदा याबाबत गप्प नाही. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ११५ वाहतुकीवर बंदी घालण्याचा अधिकार देतं. महिन्याच्या आतली बंदी असेल तर राजपत्रात अधिसूचना काढायची गरज नाही, पण परिस्थितीप्रमाणे शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी दिलीच पाहिजे, असं त्याच कलमात लिहिलंय. राजपत्राची सूट सगळ्यांना आठवते, प्रसिद्धीची अट विसरली जाते. पोलिसांच्या समाजमाध्यमांवर एक-दोन दिवस आधी टाकलेलं पत्रक, त्यात रस्त्यांची सरकारी नावं आणि ‘पर्यायी मार्गाचा वापर करावा’ हे वाक्य, याला स्थानिक प्रसिद्धी म्हणता येणार नाही. जिच्या हातात साधा फोन आहे, त्या भाजीवालीपर्यंत ते पोहोचत नाही. सोसायटीच्या फळ्यावर, चौकातल्या दुकानाच्या शटरवर, चर्चच्या आणि मशिदीच्या नोटीस बोर्डावर, रिक्षा थांब्यावर, पंधरा दिवस आधी, ‘तुमचा चौक इतक्या वाजता बंद होईल, इतक्या वाजता उघडेल, इथून ओलांडता येईल, अडचण आली तर या नंबरवर फोन करा’ असं चार ओळींत लिहून लावणं, ही प्रसिद्धी.

उत्पन्नाचा मुद्दा येतोच. बाहेरगावचे धावपटू येतात, हॉटेलं भरतात, देणग्या गोळा होतात. यात खोटं काही नाही. मुंबईच्या मॅरेथॉनमधून सामाजिक संस्थांना दरवर्षी कोट्यवधी रुपये मिळतात आणि त्यातून फार चांगली कामं उभी राहतात. फक्त हॉटेलवाल्याचा फायदा आणि मासे विकणाऱ्या बाईचं नुकसान ही एकाच माणसाच्या खात्यातली जमा-नावे नव्हे. एकाला मिळालं म्हणून दुसऱ्याचं भरून निघत नाही. आणि हा हिशेब कोणी मांडायचा, याची चांगली उदाहरणं आहेत. न्यूयॉर्कची मॅरेथॉन १९७०मध्ये सेंट्रल पार्कमध्ये सुरू झाली आणि १९७६पासून शहराच्या पाचही विभागांतून जाते. तिची सुरुवात व्हेराझानो-नॅरोज पुलावर होते. २०२४मध्ये तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने आयोजकांकडे पूल बंद असताना बुडणाऱ्या टोलपोटी सुमारे साडेसात लाख डॉलर मागितले. वाद वर्तमानपत्रांत आला, राज्याच्या गव्हर्नरांनी मध्ये पडून तो मिटवला. पैसे मागावेत की नाहीत, यावर दोन मतं असू शकतात. पण रस्ता बंद करण्याची किंमत किती, हे न्यूयॉर्कच्या लोकांना पेपरात वाचायला मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या मॅरेथॉनचे धावपटू वांद्रे-वरळी सी लिंकवरून धावतात. त्या बंदची किंमत किती, ती कोण सोसतं, हे दरवर्षी जाहीर व्हायला हवं. गावोगावच्या स्पर्धांना दिलेल्या परवान्यातल्या अटी, भरलेलं शुल्क, पोलीस बंदोबस्ताचा खर्च, हे सगळं कागदावर असतंच. ते लोकांसमोर ठेवायला एक दिवस पुरे.

इंग्लंडमधल्या सरे परगण्याने त्याच्याही पुढे जाऊन लोकांना सरळ विचारलं. २०१२च्या ऑलिंपिकची आठवण म्हणून २०१३पासून लंडन आणि सरेमधून जाणारी मोठी सायकल शर्यत दरवर्षी होऊ लागली. लोकप्रिय होती, देणग्याही भरपूर मिळायच्या. पण वाटेतल्या गावांचे रस्ते दिवसभर बंद राहायचे. परगण्याच्या कौन्सिलने रहिवाशांची मतं मागवली आणि २०२०मध्ये यापुढे यजमानपद नको, असा निर्णय घेतला. त्या निर्णयाने शर्यत मेली नाही. २०२२मध्ये ती एसेक्सच्या रस्त्यांवर गेली. लोकांना विचारलं तर ते नाही म्हणतील, ही भीती आपल्या आयोजकांना वाटत असेल. बहुतेक ठिकाणी लोक हो म्हणतील, चार अटी घालून. साताऱ्यात तर नक्कीच. पण विचारलंच पाहिजे आणि नाही म्हणण्याचा त्यांचा हक्क मानलाच पाहिजे.

‘तुम्हाला आरोग्याचं महत्त्व नाही’ असं यावर कोणी म्हणेल. ज्या शहरात वर्षभर धड पदपथ नाही, म्हाताऱ्याला सकाळी चालायला जागा नाही, मुलांचं मैदान लग्नाच्या मांडवाला दिलं जातं, त्या शहरात वर्षातल्या एका सकाळी धावण्याला आरोग्याचं सगळं श्रेय द्यायचं आणि त्याच सकाळी इस्पितळाची वाट अडली तर त्याला किरकोळ गैरसोय म्हणायचं, हा आरोग्याचा विचार नाही.

मुंबईच्या मॅरेथॉनच्या दिवशी धावपटूंना वेळेवर पोहोचता यावं म्हणून रेल्वेने पहाटे जादा लोकल सोडल्या आहेत. ते योग्यच झालं. इच्छा असली की यंत्रणा हलते, हे त्यातून दिसतं. तीच इच्छा सकाळपाळीच्या नर्ससाठी, परीक्षेच्या उमेदवारासाठी, रिक्षातल्या रुग्णासाठी दाखवायची आहे. प्रत्येक बंद चौकात निर्णयाचा अधिकार असलेला एक पोलीस आणि त्याच्याकडे वॉकीटॉकी. मार्गाजवळच्या इस्पितळांशी जोडलेला नियंत्रण कक्ष. ठराविक अंतरावर ओलांडायची जागा. चौकनिहाय उघड-बंदचं वेळापत्रक. परीक्षांच्या तारखा पाहून ठरवलेला रविवार. आणि शर्यतीनंतर महिन्याभरात एक जाहीर बैठक, जिथे अडकलेली माणसं बोलतील आणि आयोजक ऐकतील. यातलं काहीही महागडं नाही. परवाना देणाऱ्या पोलिसांनी आणि नगरपालिकेने या अटी परवान्यातच लिहाव्यात आणि पाळल्या नाहीत तर पुढच्या वर्षीचा परवाना देऊ नये.

तोवर एक काम धावपटूच करू शकतात, आणि त्यांचं म्हणणं आयोजक टाळू शकत नाहीत, कारण शुल्क त्यांचं आहे. पुढच्या शर्यतीची नावनोंदणी करताना टी-शर्टचा आकार भरण्याआधी आयोजकांना एक मेल पाठवा. मार्गावर ओलांडायच्या जागा किती आहेत, कुठलं इस्पितळ जवळ आहे आणि तिथे खासगी गाडीतून निघालेला रुग्ण कोणत्या रस्त्याने पोहोचणार, हे विचारा. उत्तर आलं नाही, तर पैसे भरू नका.